जुन्या बाजारातले शेंडीवाले बल्ब: खरा कोणता, आणि पेटवायचा कसा?

दिवेलागण:
पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात पितळी टोपीचे, काचेला वर टोक आलेले बल्ब दिसतात. विकणारे सरसकट 'इंग्रजांच्या जमान्यातला' म्हणून भाव सांगतात. खरा कार्बनच्या तारेचा कोणता आणि आजचा 'विंटेज' माल कोणता, हे जागेवरच कसं ठरवायचं? होल्डरला लावून दाखवतो म्हणाले तर बघून घ्यावं का?

ओह्म_नमः:
लावून दाखवू देऊ नका. बल्ब ११० व्होल्टचा निघाला किंवा आत हवा शिरलेली असली, तर तो तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. मल्टिमीटर न्या आणि ओहमवर (रोध मोजायला) ठेवा, बीपवर (तार जोडलेली असली की आवाज देणाऱ्या खुणेवर) नको. पिनच्या बल्बला बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतात. काळे पडलेले असतील तर ब्लेडने खरवडा आणि मीटरची टोकं तिथे टेकवा.

२३० व्होल्ट ६० वॅटचा टंगस्टन बल्ब थंड असताना साधारण ६०-७० ओहम दाखवतो, पेटल्यावर ८८० च्या आसपास जातो. कार्बनची चाल उलटी, तापला की रोध घटतो. म्हणून १६ कॅन्डलपॉवरचा (उजेडाचं जुनं माप), तेवढ्याच व्होल्टचा कार्बन बल्ब थंड असताना दीड-दोन हजार ओहम दाखवेल. एवढ्याला मीटर बीप देत नाही, त्यामुळे बीपवर तपासणारे चांगले कार्बन बल्ब 'उडालेले' म्हणून बाजूला टाकतात. तो ढीग आधी चाळा! एक-दोन ओहम आले तर बल्ब कमी व्होल्टचा, बहुधा रेल्वेच्या डब्यातला २४ चा. घरी लावलात की संपला.

काचकाम:
मीटरच्या आधी तार बघा. कार्बनची तार काळपट, बिनचमकीची, एखाद-दोन वेटोळी घेतलेली. टंगस्टनची बारीक, चकचकीत, वरखालच्या आकड्यांवरून ओढलेली. ओढून काढलेली टंगस्टनची तार १९१० च्या सुमारास आली. आजच्या सजावटीच्या बल्बांतही तार अशीच वरखाली असते, म्हणून लोक फसतात. आत पिवळ्या काड्या दिसल्या तर तो सरळ एलईडी.

शेंडी म्हणजे हवा उपसल्यावर नळी वितळवून बंद केल्याची खूण. १९२० च्या दशकात ही नळी टोपीच्या आत गेली आणि साध्या बल्बांची शेंडी गेली. पण नक्कल करणारे ती मुद्दाम काढतात, तेव्हा नुसत्या शेंडीवर पैसे देऊ नका. (माझदा असा शिक्का दिसला तर मोटारीशी नातं लावू नका, दिव्याचं ते नाव १९०९ पासूनचं.)

काच आतून काळी असेल तर तो वापरलेला आहे, एवढंच. पांढरा दुधी थर असेल तर हवा शिरली, तो फक्त फडताळात ठेवायला. ओल्या फडक्याने पुसू नका: कोरलेला शिक्का टिकतो, शाईचा जातो, आणि व्होल्ट त्यातच लिहिलेले असतात. टोपी हलत असेल तर काच धरून पिळू नका, आतल्या तारा तुटतात.

दिवेलागण:
घरी आणल्यावर ४० वॅटचा साधा बल्ब सिरीजला टाकून पेटवला तर चालेल?

ओह्म_नमः:
टंगस्टनला चालेल. कार्बनला पहिल्या क्षणी उपयोग नाही. सिरीजचा बल्ब थंड असताना जेमतेम शंभर ओहमचा, समोर कार्बन दीड हजाराचा, म्हणजे जवळजवळ सगळे व्होल्ट कार्बनच खातो. डिमरस्टॅट (व्होल्ट हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. ३०-४० व्होल्टपासून सुरुवात, मग मिनिटाला २०. तार जेमतेम लालसर झाली की थांबून बघा. आत धूर दिसला तर तिथेच बंद करा. २३० चा बल्ब २०५ च्या वर नेऊ नका. टंगस्टनला व्होल्ट १० टक्के कमी दिले की उजेड साधारण ३० टक्के घटतो, पण आयुष्य तिपटी-चौपटीने वाढतं. डिमरस्टॅट मेनपासून वेगळं करत नाही, सैल पितळी टोपीत वीज असू शकते. चालू असताना हात लावू नका.

पिनवाला:
मुंबईकरांसाठी: चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद. आणि ११० चे दोन बल्ब सिरीजला टाकायचे असतील तर दोन्ही एकाच वॅटचे आणि एकाच प्रकारच्या तारेचे हवेत. ४० आणि ६० जोडलेत तर ४० वाला जास्त व्होल्ट ओढतो आणि आधी तोच उडतो.