घरचं शेत आणि मुकादमाची उचल

"शेतात आईबापाला हातभार लावला तर तीही बालमजुरी का?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलांनी शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत केली तर चालते. भुईमुगाच्या शेंगा आम्हीही तोडल्या, त्यात वावगं काहीच नाही.

पण ऊसतोडीचं काय? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्यांच्याच नावावर. बारा वर्षांची पोरगी उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधते, धाकट्याला सांभाळते. तिची नोंद कुठेच नाही. शेत परक्याचं, मग "घरचं काम" कसलं? शिवाय हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, ऐन शाळेच्या दिवसांत.