सामानाचं बिल आणि गच्चीची किल्ली

(गोव्यात पर्वरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप. मे महिन्यातला रविवार.)

सुजाता ए-२०१: नमस्कार सगळ्यांना. जूनमध्ये दोन्ही मुलांची पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून आज हिशेबाला बसले. खाण्यापिण्यावरच महिन्याला बावीस हजारांच्या वर जातायत. माणसं पाच. हे अठरावर आणायचंय. सामान कुठे स्वस्त मिळतं ते कुणी सांगाल का?

मिलिंद ए-४०२: वहिनी, सोपा उपाय. जेवायच्या वेळेला शेजाऱ्यांची बेल वाजवायची 😄

रेखा सी-१०४: तो उपाय तू करतोस हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

अश्विनी बी-४०३: मी तेल, डाळ, साबण सगळं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवते. तेव्हा ऑफर असतात. पण काय मागवायचं ते आधी कागदावर लिहून, मगच ऍप उघडायचं. उलट केलं की संपलं.

कामतकाका सी-३०१: सुजाता, दुकानाचं नंतर बघू. आधी त्या बावीस हजारांची फोड इथे टाक. सगळं मिळून एक आकडा धरलास तर त्यातून काही कळणार नाही.

सुजाता ए-२०१: टाकते काका. यूपीआयचं बघून आणि उरलेलं आठवून लिहितेय.
महिन्याचं वाणसामान ७,२००
नुस्तं (मासे) ४,५००
दहा मिनिटांवालं ऍप ३,१००
भाजी-फळं ३,०००
दूध २,४००
पोदेर (पाववाला) १,२००
नारळ १,०००
एकूण २२,४००

परबकाकू बी-१०२: नुस्त्याक साडेचार हजार?? गो बाय, रोज इसवण (सुरमई) खाता की काय तुम्ही

सुजाता ए-२०१: काकू, मुलांना काटे नको असतात 🙈

कामतकाका सी-३०१: नुस्त्यावर येऊ. आधी हे बघ. यादी करून आणलेलं सामान फक्त ७,२०० चं आहे. उरलेले १५,२०० कुठल्याच यादीत नाहीत. ते चाळीस, सत्तर, दोनशे असे रोज हातातून जातात. आणि आपण घासाघीस करतो ती त्या ७,२०० वर, तूरडाळ या दुकानात चार रुपये कमी की त्या दुकानात. वाणसामानात फार तर तीन-चारशे सुटतील. तुझे चार हजार त्या दुसऱ्या भागात आहेत.

रेखा सी-१०४: काका, अगदी. आणि त्यातलं सगळ्यात आधी कापायचं ते ऍप. बाकीचं निदान पोटात तरी जातं.

अश्विनी बी-४०३: ऍपला उगाच नावं ठेवू नका हं. पणजीहून सात वाजता घरी पोचते मी. त्या वेळी कुठल्या बाजारात जाऊ?

रेखा सी-१०४: तुझं वेगळं. तू कागद बघून मागवतेस. सुजाता, तुझ्या ऑर्डरी उघडून बघ. कोथिंबीर हवी म्हणून ऍप उघडायचं, तेवढ्याला डिलिव्हरी फ्री नसते, मग ती फ्री व्हावी म्हणून चॉकलेट, चिप्स, आणखी एक दही. वीस रुपयांची जुडी दोनशेला पडते.

सुजाता ए-२०१: माझं प्रोफाइल बघून लिहिलंत का 😐

कामतकाका सी-३०१: त्यातलं किती सामान घरात नव्हतं म्हणून आलं आणि किती घरात आहे हे माहीत नव्हतं म्हणून, तेवढं फक्त बघ. इथे लिहू नकोस.

नाईक (सेक्रेटरी): सूचना. उद्या सकाळी दहा ते एक टाकी साफ करणार आहेत. बी विंगला पाणी येणार नाही. आधी भरून ठेवावे.

मिलिंद ए-४०२: नाईकसाहेब, मध्येच टाकी?

नाईक (सेक्रेटरी): ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. सामानाची चर्चा चालू दे, पण टाकीचे लक्षात ठेवा.

परबकाकू बी-१०२: आता नुस्त्याचं ऐक. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. एकसष्ट दिवस. बाजारात जे येईल ते बाहेरचं, बर्फातलं, आणि भाव सांगायला नको. त्या दोन महिन्यांत ताजं घेणारच नाही म्हणून आताच ठरव. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (जवळा) आताच भरून ठेव. आठवड्यातून दोनदा किस्मूर (सुक्या नुस्त्याची खोबरं घातलेली कोशिंबीर), एकदा सुंगटांची आमटी, बाकी अळसांदे (चवळी) आहेत, मूग आहेत, अंडी आहेत. पुढे श्रावण. म्हणजे तीन महिने तुझी ती साडेचारची ओळ अर्धी झाली.
आणि हंगामात तारले, बांगडे घ्या. मुलांना काटे काढून द्यायला शिकवा. पेडण्यात आमच्या घरी चार वर्षांची पोरं तारल्याचा काटा अख्खा ओढून ताटाच्या कडेला ठेवतात.

सुजाता ए-२०१: काकू, सुकं नुस्तं मला आवडतं, पण फ्लॅटमध्ये वास…

परबकाकू बी-१०२: वास येतो तो ओलं राहिलं तर. कडकडीत वाळलेलं घ्यायचं. सुंगट दोन बोटांत धरून मोडायचं. कट्ट करून मोडलं तर घ्यायचं, वाकलं तर परत वाट्यात टाकायचं आणि पुढे जायचं. तळहाताला मीठ लागून ओलसर वाटलं तरी नको. वजन मिठाचं आणि पाण्याचं भरतं, पैसे सुंगटांचे जातात. घरी आणून दोन उन्हं दाखवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंस तर मग मात्र अख्ख्या मजल्याला कळेल.

अश्विनी बी-४०३: काकू, हा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याआधी सामान भरून ठेवायचा, हिशेब मला अजून पटत नाही. कोल्हापुरात आई वर्षाचा गहू भरते, ते ठीक. तिथली हवा कोरडी. इथे जुलैत तळलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ होतो. गेल्या पावसाळ्यात रव्याला जाळ्या, बेसनात किडे. स्वस्तात घेतलेलं निम्मं फेकायचं असेल तर ते स्वस्त कसलं?

परबकाकू बी-१०२: रवा-बेसन कोण भरतं गो पुरुमेंताक? पीठ कधी भरायचंच नाही. भरायचं ते मिरच्या, सोलं (आमसुलं), चिंच, सुकं नुस्तं, उकडे तांदूळ. चिंचेत मीठ घालून गोळे केले की वर्षभर बघायला नको. उकड्याला सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा कीड कमी लागते.

कामतकाका सी-३०१: अश्विनीचा मुद्दा बरोबर आहे आणि काकूंचाही. मी अजून एक सांगतो. पुरुमेंत भरायला मे महिन्यात एकदम पैसे काढावे लागतात, आणि सुजाताची अडचण नेमकी मे-जूनचीच आहे. वर्षाचं भरायला गेली तर पाच-सहा हजार आताच जातील. म्हणून फक्त चवथीपर्यंतचं (गणेशचतुर्थी) घ्यावं. चवथीला काय, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंत (करंज्या) खर्चाचा वेगळाच हिशेब असतो. मिरच्या आणि सोलं तेवढी वर्षाची, कारण त्यांचा हंगाम आताच आहे.

रेखा सी-१०४: मिरच्यांचं खरंच. पाकिटातली तिखटपूड घेऊन बघा आणि हरमल किंवा ब्याडगी आणून दळून बघा. किलोमागे फरक दिसतोच, शिवाय हुमणाचा (माशांच्या आमटीचा) रंग.

मिलिंद ए-४०२: मी अविवाहित. मला किती मिरच्या लागतील?

परबकाकू बी-१०२: तुला लग्नच लागेल. मिरच्या नंतर.

कामतकाका सी-३०१: 😄 असो. वाणसामानातही बघण्यासारखं एक आहे. तेलाची पिशवी. सगळ्या पिशव्या एकसारख्या दिसतात, पण एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. काही पिशव्या ८००, ८५० ग्रॅमच्या येतात. समजा एक लिटरची १६० ला आहे आणि शेजारची ८०० ग्रॅमची १४५ ला. हात १४५ कडे जातो. त्याच दराने ९१० ग्रॅमचे १६५ होतात. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेली पाच रुपयांनी महाग. पाकिटावर बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो. एमआरपीच्या आसपास शोध. चष्मा घेऊन जा.
आणि महिन्याला तेल किती आणतेस?

सुजाता ए-२०१: पाच लिटरचा कॅन. शिवाय खोबरेल.

कामतकाका सी-३०१: आहारवाले माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात. पाच जणांना अडीच. तीन धर.

सासूबाई ए-२०१ (सुजाताच्या फोनवरून): मी तिला हेच सांगते. हुमणाला तेल लागतंच कुठे. फोडणीसुद्धा नसते.

मिलिंद ए-४०२: ब्रेकिंग न्यूज 🚨

सुजाता ए-२०१: फोन परत घेतलाय. तेल कमी केलं तर नारळ वाढतो ना पण. मोठा नारळ पन्नासच्या खाली मिळत नाही आता.

रेखा सी-१०४: मी रोज नारळ फोडत नाही. शनिवारी तीन-चार एकदम खवून हुमणाच्या मापाच्या पुड्या करून फ्रीजरला ठेवते. अर्धी कवड उरून बुरसायचं बंद झालं. वाटणाचा दुसरा रस काढला की संध्याकाळची सोलकढी त्यातच होते.
भाजीचं सांगू का? हॉर्टिकल्चरच्या, म्हणजे सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या, गाड्यावर जा. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी, भेंडी, गाजर असल्या रोजच्या भाज्यांवर सरकारची सबसिडी आहे. भाव बोर्डावर लिहिलेला असतो. बोर्डावर नसलेल्या वस्तूचा भाव आधी विचारायचा. माल बेळगावकडून येतो, म्हणून सकाळी लवकर. संध्याकाळी गेलं तर भेंडीची नुसती शेपटं. घाटात दरड पडली की दोन दिवस तेही नाही.
पावसात तर भाजीचे पैसे देऊच नका. टाकळा, अळू, शेवग्याचा पाला. आपल्या कंपाउंडच्या मागे शेवगा आहे, त्याचा पाला कोण काढतं?

नाईक (सेक्रेटरी): फांद्या तोडू नयेत. पाला काढण्यास हरकत नाही.

मिलिंद ए-४०२: आणि आळमी (रानातली मशरूम)?

रेखा सी-१०४: आळम्यांचं नाव घेऊ नकोस. इथे बजेटचं चाललंय.

अश्विनी बी-४०३: तांदूळ सगळ्यांनी मिळून घेतला तर? पोत्याचा भाव पडेल.

कामतकाका सी-३०१: पडेल. त्याचं अजून एक कारण आहे. २०२२ च्या जुलैपासून लेबल लावलेल्या, पंचवीस किलोपर्यंतच्या बंद पाकिटातल्या धान्या-डाळींवर पाच टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पोत्याला नाही, सुट्ट्या मालालाही नाही. बाजारात २६ किलोची पोती दिसतात ती उगाच नाहीत. दोन-तीन घरांनी मिळून एक पोतं घेतलं तर ते पाच टक्के वाचतात, शिवाय पाच किलोच्या पिशवीपेक्षा भावही खाली येतो.

परबकाकू बी-१०२: येत्या शुक्रवारी म्हापशाला जाते मी. ज्योती उकडे, मिरच्या, सोलं, सुकं. ज्यांना हवं त्यांनी मला वेगळा मेसेज करा. पैसे आधी. मागच्या वर्षी कुणाकडे किती राहिले ते मला पाठ आहे, नावं घेत नाही.

रेखा सी-१०४: काकू, मी गाडी काढते. अकराच्या आत गेलं तर पार्किंग मिळेल.

सुजाता ए-२०१: मी आत्ताच आकडे मांडून बघितले. ऍपचे दोन हजार, जून-जुलैचं नुस्तं सुकं घालून दीड हजार कमी, तेल आणि पाव मिळून सहाशे. पोदेराचे रोज आठ उंडे यायचे, दोन उरायचेच. सहा सांगितले. १८,३०० होतायत.

कामतकाका सी-३०१: पहिल्या महिन्यात एकोणीस आले तरी चालेल. जूनमध्ये सुक्याचे आणि मिरच्यांचे पैसे त्यातच धर, नाहीतर कागदावर बचत आणि पाकीट रिकामं. आणि ऍप फोनवरून काढू नको. शनिवारी एकदाच उघड.

अश्विनी बी-४०३: काकू, मिरच्या आणून वाळवायच्या कुठे? बाल्कनीत कपडे असतात.

परबकाकू बी-१०२: गच्चीवर. पूर्वी आम्ही घालायचो सगळं.

देसाई सी-४०१: नमस्कार. वर सगळी चर्चा वाचली. आमचा फ्लॅट गच्चीच्या लगेच खाली आहे. मागे कुणीतरी वर सुके बांगडे घातले होते. दोन दिवस कावळे आणि मांजरं. आमच्या घरात मांसाहार नाही. कृपया विचार व्हावा.

मिलिंद ए-४०२: मांजरांनी मात्र चांगला विचार केला होता 🐈

परबकाकू बी-१०२: देसाईबाब, ते माझे नव्हते. माझे असते तर मांजराला मिळाले नसते.

नाईक (सेक्रेटरी): गच्चीबाबत निर्णय. किल्ली वॉचमनकडे सही करून मिळेल, सकाळी नऊ ते चार. मिरच्या, सोलं, पापड, तांदूळ चालतील. सुके नुस्ते वर नेऊ नये, आपापल्या बाल्कनीत जाळी लावून वाळवावे. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काहीही पसरू नये. पावसाचे चिन्ह दिसल्यास आपापले उचलावे, वॉचमनला फोन करून उचलायला सांगू नये.

देसाई सी-४०१: धन्यवाद. काकू, आमच्यासाठी पण दोन किलो सोलं आणि एक किलो ब्याडगी आणाल का? पैसे आत्ता पाठवतो.

परबकाकू बी-१०२: लिहिलं. गूगल पे नको हो, मला त्यातलं कळत नाही. खाली येऊन हातात द्या.

सुजाता ए-२०१: काकू, माझे दहा किलो उकडे, अर्धा किलो हरमल, सोलं एक किलो. आणि सुकी सुंगटं… किती घेऊ?

परबकाकू बी-१०२: पाव किलो घे आधी. मुलांनी खाल्ली तर पुढच्या शुक्रवारी परत जाऊ.