कंबलवाटपाचे फोटो पाहून डोकं फिरलं

रामबागवाली
काल इथे एकाने टाकलंय की "आपल्या इंदूरचे उद्योजक म्हणजे माणुसकीचा जिवंत पुरावा, वाढदिवसाला ३०० कंबल वाटले, शिका काहीतरी यांच्याकडून", आणि खाली सगळे हात जोडून उभे. नाव मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी त्या सेठकडे सांवेर रोडच्या कारखान्यात चार वर्षं हिशोबाला होते. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला पीएफ कापलेला, आणि पासबुक उघडलं तर सात महिने कोरे. विचारलं की ठरलेलं उत्तर, "बेटा, चालान अटका है." पॅकिंगला एक मावशी होत्या, सीलिंग मशीनवर दोन बोटं भाजली, तेव्हा कळलं की त्यांचं ईएसआयचं (कामगारांच्या उपचारांच्या सरकारी विम्याचं) कार्डच काढलेलं नाही. सेठनी खिशातून पाचशेची नोट काढली, सगळ्यांसमोर त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घर की बात है."

त्याच थंडीत हे कंबल. आणि त्यांच्या घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरले कुणी? आम्हीच. रविवारी बोलावून. ओव्हरटाइम नाही कारण म्हणे पुण्याचं काम आहे. एकेक प्लेट पोहे मिळाले. प्रत्येक पिशवीत सेठच्या फोटोचं कार्ड आतून नाही, बाहेरून दिसेल असं घालायचं होतं, उलटं गेलं तर परत उघडायचं. मी स्वतः चाळीस-एक पिशव्या परत उघडल्यात. त्यामुळे मला माणुसकी शिकवू नका.

पाटणीपुरा एक्सप्रेस
ताई, राग समजतो. पण ज्याला कंबल मिळालं त्याला थंडी वाजत होती ना? ती तर खोटी नव्हती. माझ्या वडिलांचं डायलिसिस १४ महिने एका सेठच्या ट्रस्टमध्ये चाललं, अर्ध्याहून कमी पैशात. भिंतीवर त्यांच्या आजोबांचा हार घातलेला फोटो, मी रोज त्याच्या खाली बसायचो. त्यांच्या फॅक्टरीत काय चालतं मी विचारलं नाही आणि विचारणार पण नाही. आठवड्यातून तीनदा सुई टोचून घेणाऱ्याच्या घरी या, मग नीतीवर बोलू.

हिशोबनीस
भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. सीएसआरचा, म्हणजे कंपनीने नफ्यातले २ टक्के समाजकामाला द्यायचे, हा नियम सगळ्यांना नाही, ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी टर्नओव्हर किंवा ५ कोटी नफा, यातलं काहीतरी लागतं. सांवेर रोडचे बहुतेक कारखाने त्यात बसतच नाहीत, म्हणजे सेठनी वाटलं ते मनाने वाटलं, एवढं श्रेय द्या. दुसरं, कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ हा मालकाचा पैसाच नाही. तो कापून न भरणं कायद्याने अमानत में खयानत आहे, उशीर नाही. त्या पैशाने कंबल आले असतील तर दाता मावशीच झाल्या की.

रामबागवाली
हेच तर. कार्डावर मावशींचा फोटो पाहिजे होता.

खोकेवाला
कामगारांचं तरी कुणी बोलतं, आमचं कोण बोलणार? मी खोके पुरवतो, कोरुगेटेड. एका मोठ्या पार्टीकडे बिल ११ महिने अडकलंय. कायदा म्हणतो करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५. त्यांच्या अकाउंटवाल्याला हे सांगितलं तर तो हसला, म्हणाला "भिया, अगला ऑर्डर चाहिए कि नहीं?" आणि नवरात्रात त्यांचाच भंडारा, पत्रिकेवर "सौजन्य" म्हणून नाव, मलाही आमंत्रण. गेलो. पुरी खाल्ली. माझ्याच पैशाची होती, गरम होती.

पाटणीपुरा एक्सप्रेस
धागा कंबलचा आहे, तुमची उधारी वेगळी काढा ना.

खोकेवाला
वेगळी कशी? त्यांचं दान माझ्या उधारीवर चालतं हेच तर सांगतोय.

मल्हारगंजचे आजोबा
आजकाल पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव. बटण दाबलं की आजोबा, आजी आणि सौजन्य तिघंही फिरतात. आपल्याच गावात अहिल्याबाई होऊन गेल्या, काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि ते सगळं खासगीतून. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. राज्याच्या पैशाला दानासाठी हात लावला नाही. आजच्या सेठ लोकांना कंपनीचा खिसा कुठला आणि स्वतःचा कुठला हेच कळत नाही.

वाकडी मान
आजोबा, नमस्कार, पण खासगी म्हणजे बाईंनी शिवणकाम करून साठवलेला पैसा नव्हता हो. पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नीला, गौतमाबाईंना तोडून दिलेली जहागीर. तिचा वसूल गावांमधूनच यायचा ना? म्हणजे घाम शेतकऱ्याचा आणि घाट होळकरांच्या नावाचा. मग आजच्या सेठमध्ये फरक काय?

मल्हारगंजचे आजोबा
फरक काय!! मातोश्रींची तुलना पीएफ खाणाऱ्याशी? तोंड सांभाळून लिहा. महेश्वरला विणकर वसवले, त्यांना काम दिलं, ते आजही चाललंय. लोक भिकेला लागू नयेत म्हणून केलं ते. तुम्ही लोक चार पुस्तकं वाचता आणि घरच्या देवाला नावं ठेवता.

वाकडी मान
नावं नाही ठेवली, हिशोब विचारला. स्वतः बाई हिशोबाला किती कडक होत्या ते तुम्हीच अभिमानाने सांगता ना. आणि महेश्वरचा मुद्दा मान्य, तो माझ्याच बाजूचा आहे. काम दिलं, कंबल नाही.

पाटणीपुरा एक्सप्रेस
झालं, आता अहिल्याबाईंचं ऑडिट.

मल्हारगंजचे आजोबा
मी आपल्या इंदूरच्या जुन्या गिरणीमालकांचं, सर सेठ हुकुमचंदांचं बोलणार होतो, त्यांनी बांधलेलं काच मंदिर वगैरे, आता नाही बोलत.

वाकडी मान
बोला की. त्यांच्या नावाच्या मिलच्या मजुरांना थकलेले पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, २२४ कोटींचा चेक, तो पण मिल बंद पडून तीस वर्षं झाल्यावर. किती जण तोवर वर गेले.

मल्हारगंजचे आजोबा
सेठ १९५९ ला गेले! मिल बंद पडली ती त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी. मेलेल्या माणसावर काय ढकलता?

वाकडी मान
बरं, तारखेचा मुद्दा तुमचा. सेठवर नाही ढकलत. देवळाची काच अजून चमकते आणि मजुराची फाइल तीस वर्षं धूळ खाते, एवढंच म्हणायचं होतं.

हिशोबनीस
जुन्या लोकांचंच उदाहरण पाहिजे तर टाटांचं घ्या. जमशेदपूरला १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड. पीएफचा कायदा आला १९५२ ला. आणि सीएसआरच्या नियमात फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च धरतच नाहीत. बरोबरच आहे, घरच्यांना देणं हे दान कसं होईल.

पाटणीपुरा एक्सप्रेस
टाटांचं नाव घेतलं की सगळे गप्प. ते एक आहेत, बाकी शहर कुणाच्या जिवावर चालतं? आणि रामबागवाली ताई, एक विचारतो, राग मानू नका. चार वर्षं हिशोबाला तुम्हीच होतात ना? चिठ्ठ्या तुम्हीच काढत होतात. तेव्हा का नाही बोललात?

रामबागवाली
मानला राग. नवऱ्याचं दुकान बंद पडलं होतं, पोरगी दहावीला होती. चिठ्ठ्या मीच काढायचे, हो, कापलेला आकडा मीच टाइप करायचे. रोज वाटायचं. तुम्ही त्या फोटोखाली १४ महिने बसलात ना, विचारलं नाही ना? तसंच.

पाटणीपुरा एक्सप्रेस
...लागलं. ठीक आहे. हे मी बोलायला नको होतं. पण डायलिसिसचं माझं मत तेच आहे, सांगून ठेवतो.

रामबागवाली
राहू द्या. आत्ता मावशींना फोन केला होता. म्हणाल्या, उरलेल्यातला एक कंबल त्यांनी पण घरी नेला होता, नातवाला घालतात. "गरम आहे गं." आता यावर मी काय बोलू.

खोकेवाला
काही नका बोलू, पीएफचं बघा. हिशोबनीस, या लोकांनी जायचं कुठे ते सांगा, बाकी चर्चा खूप झाली.

हिशोबनीस
दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचा "निधि आपके निकट" कॅम्प असतो, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) आणि चिठ्ठ्या घेऊन जा. चिठ्ठी नसेल तर बँकेत पगार आलेला दाखवा.

रामबागवाली
चिठ्ठ्यांच्या कॉप्या आहेत, मावशींच्या पण. नोकरी सोडताना एका बिस्किटाच्या डब्यात भरून घरी आणल्या होत्या, का ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. २७ ला त्यांना घेऊन जाते.

मल्हारगंजचे आजोबा
त्या वाकड्या मानेने अजून माफी मागितलेली नाही, याची नोंद घ्यावी.