हार्डवायर केलेला डॅशकॅम आणि उडणारे फ्यूज : तुमचे अनुभव लिहा

सहा महिन्यांपूर्वी गाडीत डॅशकॅम (पुढचा रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवला. लाइटर सॉकेटमधून लोंबणारी वायर नको होती, म्हणून हार्डवायर किट (कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूजबॉक्समधून करंट देणारी वायर) टाकून घेतलं. पिवळी वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवर, लाल चावीवर चालणाऱ्या, काळी अर्थिंगला. तेव्हापासून पिवळ्या वायरचा २ अँपिअरचा फ्यूज महिन्यातून एक-दोनदा उडतोच. ज्यांच्याकडून बसवलं ते म्हणाले, "१० चा टाका, कटकट मिटेल." मी टाकलेला नाही. कुणाच्या गाडीत असं झालं असेल तर लिहा, आणि दोष कसा सापडला तेही लिहा. (नवा कॅमेरा घ्या, हा सल्ला घरून मिळालेला आहे.)

*नाशिकहून*
१० चा टाकला नाहीत, वाचलात. फ्यूज वायरला वाचवायला असतो, कॅमेऱ्याला नाही. किटची वायर शेवयांएवढी बारीक. शॉर्ट झाली तर मोठा फ्यूज शाबूत राहील आणि वायर डॅशबोर्डच्या आत वितळेल. कॅमेरा एरवी एक अँपिअरसुद्धा ओढत नाही. २ चा उडतोय म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय.

*कोल्हापूरहून*
माझा फ्यूज नाही, बॅटरी उतरली. लग्नासाठी गावी गेलो, चार दिवस गाडी उभी, पार्किंग मोड (उभ्या गाडीतही चालणारं रेकॉर्डिंग) चालू. परत येतो तर स्टार्टर नुसता टकटक करतोय. पाहुण्यांच्या बोलेरोवरून जंप दिला. मग हिशोब मांडला. पार्किंगमध्ये कॅमेरा पाव अँपिअर घेतो असं धरलं तरी दिवसाला ६ अँपिअर-अवर, चार दिवसांत २४, आणि माझी बॅटरी ३५ ची! किटमध्ये कट-ऑफ (बॅटरी ठराविक व्होल्टखाली गेली की कॅमेरा बंद करणारी सोय) असतो हो, पण तो ११.८ व्होल्टवर ठेवलेला होता. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ ला ती निम्मी झालेली असते. ११.८ ला वाचवायला उरतं काय? आता १२.४ वर ठेवलाय, आणि लांब जाताना पिवळीचा फ्यूज काढूनच जातो.

*ठाण्याहून*
आमचा किस्सा ऐका. कसारा घाटाच्या अलीकडे टायरमध्ये हवा कमी वाटली, सॉकेटला पंप लावला आणि सॉकेटचा १५ चा फ्यूज गेला. त्याच क्षणी कॅमेराही बंद! लाल वायर त्याच जागी फ्यूज टॅपने (एका फ्यूजच्या जागी दोन फ्यूज बसवणारा जोड) घेतलेली, पण टॅपमध्ये दोन वेगळे फ्यूज असतात, मग कॅमेरा का जावा? घरी येऊन पाहिलं तर टॅप उलटा घातलेला. सरळ असेल तर दोन्ही फ्यूजना करंट वेगवेगळा मिळतो. उलटा घातला की कॅमेऱ्याचा करंटही आधी जुन्या फ्यूजमधून जातो. मूळ फ्यूज काढा आणि टेस्ट लॅम्पने कोणत्या बाजूला करंट आहे ते बघा. टॅपचा सामाईक पाय (दोन्ही फ्यूजना जोडलेला) त्या बाजूला हवा.

*नागपूरहून*
स्पीडब्रेकर आला की कॅमेरा बंद होऊन पुन्हा चालू. तीन फ्यूज बदलले, सगळे धडधाकट. काळी वायर रंगवलेल्या बोल्टखाली आवळलेली, तिला पत्र्याचा स्पर्शच धड नव्हता. रंग खरवडला, झालं. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र कुणी हात लावू नका.

*साताऱ्याहून*
मी महिनाभर वायरिंगला शिव्या घातल्या. मेमरी कार्ड खराब होतं.

*रत्नागिरीहून*
धागाकर्ते, फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि कॅमेऱ्याची बाजू किटपासून सोडवा. मग वायर जागोजागी हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब लखकन पेटेल, शॉर्ट तिथेच. फ्यूजची पाकिटं संपवण्यापेक्षा हे बरं.

*धागाकर्ता*
सापडलं! वायर कुठेही हलवली तरी बल्ब ढिम्म. शेवटी कंटाळून डावीकडचा कप्पा आपटून बंद केला, आणि बल्ब पेटला. पिवळी वायर कप्प्याच्या बिजागरीत चेमटून सोललेली. म्हणजे कप्पा जोरात लावला की फ्यूज जायचा, आणि आमचा कप्पा उघडतो तो पीयूसीचा कागद काढायला. मी उगाच पावसाला दोष देत होतो. वायर बदलली, वरून कापडी टेप गुंडाळली, वाट बदलून घेतली. तीन आठवडे झाले, तोच २ चा फ्यूज टिकून आहे. धास्तीने आणलेले आठ शिल्लक आहेत, कोथरूडच्या बाजूला कुणाला हवे असतील तर घेऊन जा.