धातुगर्भ फुलरीन म्हटलं तर चालेल का?

फोंड्याला वाचनालयात बारावीच्या मुलांसमोर फुलरीनवर, म्हणजे कार्बन अणूंच्या पोकळ पिंजऱ्यांवर, मराठीतून बोलायचंय, सगळं जमलं पण एंडोहेड्रलपाशी अडलंय. कार्बनच्या पिंजऱ्यात धातूचा अणू, याला मराठीत काय म्हणायचं? 'बंदिस्त धातू' लिहिलं तर तो आत नुसता पडून आहे असं वाटतं.

— बंदिस्त नकोच सर. ला@सी८२ घ्या, म्हणजे ८२ कार्बन अणूंच्या पिंजऱ्यात एक लॅन्थॅनम, त्यातला लॅन्थॅनम तीन इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतो आणि मधोमध न राहता भिंतीला लागून बसतो, म्हणजे दोघांचं मिळून एकच संयुग झालं. मी 'धातुगर्भ' म्हणेन, पृथ्वीला रत्नगर्भा म्हणतो तसं. आणि त्या @ बद्दल मुलांना जरूर सांगा. १९८५ला सी६० सापडला त्याच वर्षी लॅन्थॅनमवालाही दिसला होता, पण साध्या सूत्रावरून धातू आत आहे की बाहेर चिकटलाय ते कळत नाही, म्हणून १९९१ला सी६० शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या स्मॉली यांच्या गटाने मध्ये @ घातला. वाचताना 'सी-८२च्या पोटात लॅन्थॅनम' असं वाचा, कोंकणी बोलणाऱ्या पोरांनाही लगेच कळेल.

— धातुगर्भ शब्द आधीपासून आहे हो, स्तूपात अवशेष ठेवतात ती जागा, पालीत धातुगब्भ, दागोबा त्यातूनच आला. तिथे धातू म्हणजे अस्थी वगैरे. त्याने काही बिघडत नाही, शब्द सुंदरच आहे. माझी हरकत वेगळी आहे, आत नेहमी एकटा धातूच असतो असं नाही ना. १९९९च्या एससी३एन@सी८० मध्ये मधे नायट्रोजन आणि भोवती तीन स्कँडियम, सपाट त्रिकोण, आणि हा आतला त्रिकोण पिंजऱ्याला सहा इलेक्ट्रॉन देतो म्हणून तर तो गोल सी८० टिकतो, रिकामा टिकत नाही. शिवाय बारा शिशाच्या अणूंच्या वीस-फलकी पिंजऱ्यात एक प्लॅटिनम, वर दोन ऋण प्रभार, असाही आयन आहे, तिथे पिंजराच धातूचा, मग धातुगर्भ म्हणून वेगळं काय सांगितलं?

पटलं. मग धातुगर्भ फक्त कार्बनवाल्यांना ठेवतो आणि बाकी ठिकाणी दोन्हींची नावं घेतो, 'शिशाच्या पिंजऱ्यात प्लॅटिनम' असं सरळ. क्लस्टरला, म्हणजे असे अणू एकत्र बांधलेले असतात त्याला, गट म्हणू का?

— गट नको, क्रियात्मक गटाशी घोळ होईल, बारावीत तो रोजचा शब्द. क्लस्टरच राहू द्या.