अनुभव धागा: चिनी शिकताना मँडरिन की कँटोनीज?

मँडरिन ही चीनची प्रमाण भाषा, कँटोनीज दक्षिणेकडची चिनी बोली. शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी नेमकं लिहा: काय निवडावं, कुठे अडतं, का अडतं.

*

आधी बोलणार कोणाशी ते ठरवा. हाँगकाँग-मकावमधलं सासर, शेजार, रोजचा बाजार असेल तर कँटोनीज. बाकी जवळपास सगळीकडे मँडरिन. ग्वांगचौ (जुनं कँटन) कँटोनीजचं माहेर खरं, पण तिथल्या कारखान्यांत हूनान, सिच्वान अशा दुसऱ्या प्रांतांतले कामगार असतात. मालाच्या बोलणीला मँडरिनच लागते. एचएसके, म्हणजे परदेशी शिकणाऱ्यांसाठीची चीनची अधिकृत भाषा परीक्षाही मँडरिनचीच.

*

मराठी माणसाला उच्चारांत मोठा फायदा आहे, रोमन अक्षरं मात्र फसवतात. मँडरिनच्या पिनयिनमध्ये (उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) ‘बी’ म्हणजे आपला ‘प’, ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला ‘फ’. तसंच ‘डी’चा ‘त’, ‘टी’चा ‘थ’, ‘जी’चा ‘क’, ‘के’चा ‘ख’. ‘झेड’ म्हणजे ‘चाक’मधला च, ‘जे’ म्हणजे साधारण ‘चिमणी’मधला. हिंदीभाषकाला हे दोन ‘च’ मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याकडे ते घरचेच! वहीत पहिल्या दिवसापासून शेजारी देवनागरी लिहा. कँटोनीजच्या ज्युटपिंगमध्ये (तिची तशीच रोमन पद्धत) मात्र ‘जे’ म्हणजे ‘य’. दोन्ही एकदम सुरू केलं की इथेच गोंधळ होतो.

*

चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. मँडरिनमध्ये 4 सूर आणि एक हलका, कँटोनीजमध्ये 6. विकत घेणं आणि विकणं हे दोन्ही शब्द कँटोनीजमध्ये ‘माय’: घेताना सूर खालून वर चढतो, विकताना खालीच सपाट राहतो. फरक इतका बारीक, की सुटे शब्द पाठ करून भागत नाही. जोडीने ऐका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून पाहा. दुसरी अडचण शेवटच्या व्यंजनाची. सहा ‘लुक’, आठ ‘पात’, दहा ‘सप’. शेवटी जीभ किंवा ओठ अडवायचे, सोडायचे नाहीत. आपण सवयीने सोडतो, आणि शब्द परका वाटतो.

*

कँटोनीजचं खरं ओझं लिखाणात आहे. ‘नाही’ बोलताना ‘म’, छापील मजकुरात ‘पत’. ‘तो’ बोलताना ‘खोय’, छापील ‘था’. वर्तमानपत्र वाचायचं तर शब्दांचा दुसरा संच शिकावाच लागतो. शिवाय हाँगकाँगची लिपीचिन्हं पारंपरिक, चीनच्या मुख्य भूमीवरची सोपी केलेली: ‘घोडा’ तिथे 10 रेघांचा, मुख्य भूमीवर 3.

*

दोन्ही हव्या असतील तर मँडरिन आधी. छापील कँटोनीज मजकूर मग बराचसा ओळखीचा निघतो. पण घरात आजी-आजोबा कँटोनीज बोलत असतील तर हा क्रम बाजूला ठेवा, त्यांच्याशी बोलायला लागा.