सोसायटीचं गेट ॲप आणि कामवाल्या मावशींची हजेरी: एजीएममध्ये (वार्षिक सभेत) काय मागावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात १६८ फ्लॅटच्या सोसायटीत राहते. एक तारखेपासून गेटवरची वही बंद होऊन ॲप आलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला कंपनीशी भांडायचं नाही, येत्या एजीएममध्ये धड बोलायचं आहे.

आधी मीच खूश होते. कुरिअरवाला आला की फोन वाजतो, ‘येऊ द्या’ दाबलं की झालं. इंटरकॉम बंद पडल्यापासून आमच्याकडे वॉचमनकाका खालून हाका मारायचे, ते थांबलं.

मागच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता आमच्या मावशींनी विचारलं, “ताई, मी कुठंकुठं जाते ते तुमच्या मोबाईलात दिसतं म्हणं?” मी म्हटलं, छे, असं कसं दिसेल. आणि उघडून पाहिलं तर दिसत होतं. फोटो, त्याखाली तारे (कोणीतरी दोनच दिलेत, कोणी ते कळत नाही), ए विंगमधले दोन फ्लॅट, सी मधले तीन, आणि महिनाभराच्या आत-बाहेरच्या वेळा. बुधवारी बाहेर १२:४०. आता बुधवारी त्या माझ्याकडून ‘गुडघा दुखतोय’ म्हणून अकरालाच गेल्या होत्या. हे मला कळायची काही एक गरज नव्हती. तरी दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

त्यांची नोंदणी झाली ती अशी: केबिनपाशी उभं करून फोटो, आधारची झेरॉक्स, मग फोनवर आलेला ओटीपी. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही. आता म्हणे पुढच्या महिन्यापासून चेहरा दाखवला की गेट उघडणार.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. मंजुरीच्या बटणाखालीच पर्सनल लोनची जाहिरात असते. सासऱ्यांनी एकदा पाहुण्यांऐवजी कर्जालाच ‘हो’ म्हटलं. नंतर दोन दिवस फोन येत होते.

कमिटीचं उत्तर: ॲप फुकट आहे, मेंटेनन्समध्ये एक रुपया वाढत नाही, आणि लपवण्यासारखं नसेल तर घाबरता कशाला?

तर जाणकारांनी सांगावं, कायद्याचा आधार नेमका कितपत आहे? ॲप न घेता राहता येतं का? आणि सभेत नक्की काय मागायचं? ‘प्रायव्हसी’ हा शब्द काढला की लोक घड्याळ बघतात, हे धरून सांगा.

माजी_सेक्रेटरी

ताई, दुसरी बाजूही ऐका. पाच वर्षं सेक्रेटरी होतो. वही म्हणजे काही गुप्त दस्तऐवज नव्हता. टेबलावर उघडी पडलेली असायची. प्रत्येक पाहुण्याचं नाव, मोबाईल, फ्लॅट नंबर, पुढचा येणारा सही करताना वरच्या दहा ओळी वाचायचा. एका क्लासवाल्याने पानांचे फोटो काढून नेलेले मी स्वतः पकडलेत. तेव्हा वही पवित्र आणि ॲप राक्षस, असं मांडू नका. कमिटीतले जुने लोक तिथेच तुम्हाला गप्प करतील.

फरक इतकाच की वही भरली की माळ्यावर जायची आणि तिला वाळवी लागायची. ॲपला वाळवी लागत नाही. किती दिवसांनी नोंदी पुसणार, हे विचारा. कमिटीत कोणी विचारलेलं नसणार, मीही विचारलं नव्हतं.

वकिली_चष्मा

क्रमाने घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. निकाल थोर आहे, पण एजीएममध्ये फडकवू नका. तो मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतो. तुमच्या चेअरमनच्या हातात फक्त ‘कोर्टात जा’ म्हणायची सोय होईल.

उपयोगाचं हे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यात ओळख पटवण्यासाठी वापरलेली चेहऱ्याची ठेवण ‘संवेदनशील माहिती’त मोडते, आणि ती घ्यायला कंपनीला लेखी संमती लागते. दिलेली संमती मागेही घेता येते. केबिनपाशी उभं करून फोटो काढणं ही लेखी संमती नव्हे.

नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमती, सूचना वगैरे मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. तोवर कोणी ‘२५० कोटी दंड होईल’ म्हणून घाबरवत असेल तर हसून सोडा. तो सुरक्षेत हयगय केल्याबद्दलचा कमाल आकडा आहे आणि आज लागूही नाही. पण कमिटीला एवढं जरूर सांगा की माहिती कशासाठी घ्यायची हे सोसायटी ठरवते, म्हणून त्या कायद्याखाली जबाबदारी आधी सोसायटीवर येईल. कंपनी फक्त सांगकाम्या. अर्थात सांगकाम्यानेच ती माहिती स्वतःच्या जाहिरातींना वापरली, तर तोही मालकाच्या रांगेत येतो. शिवाय संमतीची सूचना मराठीत मागायचा हक्कही त्यात आहे.

आधार: खासगी संस्थांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ चा भाग २०१८ मध्येच रद्द झाला. मावशी स्वखुशीने दाखवू शकतात, पण ‘आधारच पाहिजे’ असं म्हणता येत नाही. मतदार ओळखपत्र चालतं. द्यायचंच तर मास्क केलेलं आधार द्या, ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. ते यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून उतरवता येतं.

बिनतारी

ॲपशिवाय राहता येतं का, या प्रश्नापुरतं. आमच्या सोसायटीत आईकडे बटणांचा फोन आहे. तिच्या फ्लॅटला गेटवरून साधा फोन जातो आणि ती १ दाबते. ही सोय आधीपासून होती, कोणी सांगितलीच नव्हती. तुमच्याकडे विचारून बघा.

ॲप ठेवलंच तर सेटिंग्जमध्ये जाऊन काँटॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी काढा. गेट उघडायला तुमची फोनबुक कशाला लागते? अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधून जाहिरातीचा आयडी डिलीट करा. जाहिराती बंद होणार नाहीत, पण या ॲपमधले तुम्ही आणि त्या ॲपमधले तुम्ही एकच, हे जुळवणं जरा अवघड होतं. सासऱ्यांच्या फोनवर तेवढं आजच करून टाका.

हिशेबनीस

सगळे प्रायव्हसीवर बोलताहेत, मी किल्ली कोणाच्या हातात राहते त्याबद्दल बोलतो. आम्ही गेटबरोबर मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, पार्किंग, सगळं एकाच ॲपवर नेलं. दोन वर्षांनी आधी फुकट असलेल्याचे पैसे लागले. सोडायचं ठरवलं तेव्हा कळलं, दोन वर्षांची बिलं पीडीएफमध्येच मिळतील. हाताने एक्सेलमध्ये चढवायला मला आणि खजिनदाराला तीन रविवार लागले. शेवटी आम्हीच कंटाळून पुढच्या वर्षाचे पैसे भरले.

करारात हे बघा: सोडताना नोंदी कोणत्या रूपात देणार, आणि दिल्यावर त्यांच्याकडच्या पुसल्या असं लेखी देणार का. आणि गेटवर एक वही राहू द्या. एका संध्याकाळी सर्व्हर बंद पडला तेव्हा दोन्ही गेटना रांग लागली होती.

अवांतर: लपवण्यासारखं नसेल तर काय, असं म्हणणाऱ्या सभासदाला त्याच्याच फ्लॅटच्या महिनाभराच्या पाहुण्यांची यादी सभेत वाचायची परवानगी मागा. खरंच वाचू नका. नुसती मागा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गेटवर विचारलं, फोनची सोय आमच्याकडेही निघाली. सासऱ्यांचं ॲप काढून टाकलं.

काल मावशींशीही बोलले, कारण मी त्यांच्या वतीने भांडायला निघाले होते आणि त्यांना विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, “चेहऱ्याचं राहू द्या ताई, वहीपाशी पोरं उगाच थांबवून ठेवत्यात. पण कुणाकडं किती वेळ गेले ते बाकीच्यांना कशाला? आणि ते तारे काढा. दोन तारे कुणी दिले ते मला माहितीय.” म्हणजे मी ज्याला सगळ्यात भ्यायले होते त्याचं त्यांना फार नाही. जिथे त्यांना रोज टोचतं तिथे मी एका ओळीत उरकलं होतं. चेहऱ्याबद्दल लेखी संमती आणि नको म्हणायची सोय मी मागणारच आहे, पण पहिला मुद्दा आता तारे आणि वेळा.

ठराव असा लिहिलाय: “घरकाम करणाऱ्या व्यक्तींच्या येण्याजाण्याच्या वेळा व इतर फ्लॅटची माहिती सभासदांना दिसणे बंद करावे, तारे काढावेत, चेहरा नोंदवण्यापूर्वी मराठीत लेखी संमती घ्यावी व नको असल्यास ओळखपत्र चालावे, पाहुण्यांच्या नोंदी शक्य असल्यास ९० दिवसांनी पुसाव्यात, कराराची प्रत सभासदांना द्यावी.” बरोबर आहे का? ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये मांडू का?

माजी_सेक्रेटरी

आयत्या वेळी अजिबात नको. तेव्हा निम्मे लोक वडापावच्या रांगेत असतात, आणि अजेंड्यावर नाही म्हणून उडवायला कमिटीला आयतं कारण. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, ती निघायच्या आत सेक्रेटरीला लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. सी विंगमधला कोणीतरी अनुमोदक आधीच धरून ठेवा.

आणि ‘शक्य असल्यास’ काढा. इतिवृत्तात ते दोन शब्द आले की काहीच शक्य होत नाही.